कोंडिबा जे बोलले नव्हते

नोकरीत काय करत होता, असं कोणी विचारलं की मी "विद्यापीठात होते" एवढंच सांगते. समोरच्याला वाटतं, शिकवत असेन. मी शिकवलं कधीच नाही. मी आवाज कापायचे.

आमचं आडनाव मुलाणी, गाव भोर. आजोबांनी गावची बकरी कापली आणि आपानं, म्हणजे मी, माणसांचे आवाज कापले, म्हणजे धंदा घरातच राहिला, असं माझा धाकटा भाऊ सलीम म्हणायचा. पुण्याच्या एका विद्यापीठात भाषाशास्त्र विभागाची ध्वनिप्रयोगशाळा होती, तिथं मी साहाय्यक होते. सुरुवातीची बरीच वर्षं टेपा झटकून कपाटात लावण्यात गेली. मग नव्वदचं दशक संपता संपता विभागात संगणक आला आणि त्याच्या मागोमाग पलीकडच्या अभियांत्रिकीच्या इमारतीतून खिस्ती सर आले. त्यांना मराठी बोलणारं यंत्र बनवायचं होतं. 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हा शब्द तेव्हा फक्त अनुदानाच्या अर्जात असायचा. आम्ही आपसांत त्याला 'खोकं' म्हणायचो.

आमच्या विभागप्रमुख राजहंस मॅडम. त्यांचं म्हणणं, खोकं बोलणार असेल तर ते पुण्याच्या बातम्यांसारखं बोलता कामा नये. हवामान, जनावरांची लस, बाजारभाव हे वेल्ह्याच्या डोंगरातल्या माणसाला सांगायचं असेल, तर त्याच्याच बोलीत सांगितलं पाहिजे. खिस्ती सर म्हणाले, "बोली कुठलीही द्या, फक्त आवाज एका माणसाचा हवा आणि तो पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकसारखा हवा." तो माणूस शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण त्या भागात माझं माहेर होतं.

हे काम काय असतं ते थोडक्यात सांगते. यंत्राला शब्द देऊन भागत नाही, शब्दांना अंत नाही. पण एका ध्वनीवरून दुसऱ्यावर जाताना जीभ जो सांधा घेते, ते सांधे मोजके असतात. 'पानी' म्हणताना प ते आ, आ ते न, न ते ई. हे सगळे सांधे येतील अशी वाक्यं बनवायची, ती एका माणसाकडून बोलून घ्यायची, पडद्यावर आवाजाची लहर बघत ती कापायची आणि प्रत्येक तुकड्याला नाव द्यायचं. मग आपण टाइप करू ते वाक्य यंत्र तुकडे जोडून बोलतं. माणूस ते वाक्य जन्मात बोललेला नसला तरी चालतं.

एकसारखा आवाज मिळणं किती अवघड असतं ते मला तेव्हा कळलं. वरव्याच्या एका गुरुजींना घेतलं, तर ते प्रत्येक वाक्याचा शेवट वर चढवायचे, जणू समोर चौथीचा वर्ग बसलाय. आंबवड्याचे एक भजनी बुवा होते. आवाज मधासारखा, पण दहा वाक्यांनंतर "शेळी आजारी आहे" यालाही चाल लागायची. भोरच्या कोर्टातले निवृत्त बेलीफ तर दर वाक्याआधी खाकरून असं पुकारायचे की बाहेर रस्त्यावरचा माणूस थांबून बघायचा.

कोंडिबा ढेबे मला नसरापूरच्या आठवडी बाजारात भेटले. म्हणजे आधी आवाज भेटला. मी लिंबं निवडत होते आणि पाठीमागं कोणीतरी दोरखंडाचा भाव विचारत होतं. दुकानदार चिडला, ओरडला, पण विचारणाऱ्याचा आवाज एका केसाइतकाही हलला नाही. मी वळून पाहिलं. पन्नाशी उलटलेला, डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी असलेला माणूस. विंझरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पठारावर त्यांची वस्ती होती. सात म्हशी, थोड्या शेळ्या, बायको ठकूबाई आणि मुलगा-सून.

ध्वनिमुद्रणाला जागा लागते ती घुमणारी चालत नाही. भोरला सलीमचा गादी कारखाना होता. मागच्या गोदामात छतापर्यंत कापूस भरलेला असायचा. त्यात मधोमध दोन स्टुलं आणि मायक्रोफोन मावेल एवढी जागा आम्ही केली. तिथं बोललेला शब्द ओठातून निघाला की संपायचा. कोंडिबांना ते पहिल्याच दिवशी खटकलं.

"बाई, डोंगरात हाक दिली की परत येती," ते म्हणाले. "हितं कोन ठिवून घेतं?"

"कापूस शोषून घेतो," मी म्हणाले.

त्यांनी कापसाच्या ढिगावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

त्यांना वाचता येत नव्हतं. मी वाक्य सांगायचे, ते स्वतःच्या बोलीत परत म्हणायचे. दोन हिवाळे हे चाललं. ते सकाळच्या एस.टी.नं यायचे, दुपारी जायचे. पहिल्या दिवशीचं 'न्हाई' आणि शेवटच्या दिवशीचं 'न्हाई' मी पडद्यावर एकावर एक ठेवून पाहिलं. दोन माणसांच्या सावल्या एकमेकींत विरघळाव्यात तसं ते झालं.

शेवटी विद्यापीठाचा कागद आला. मी तो त्यांना वाचून दाखवला.

"म्हंजे म्या न बोललेलं म्या बोलनार. असंच न्हवं?"

"तसंच."

"मग त्ये बोलनं माजं का तुमचं?"

"कागदावर विद्यापीठाचं म्हटलंय."

ते हसले आणि अंगठा उठवला. त्या वेळी मलाही हसू आलं होतं.

कापाकापीला वर्ष गेलं. त्या वर्षात मी माझ्या नवऱ्याचा आवाज ऐकला नसेल इतका कोंडिबांचा ऐकला. गिळताना त्यांच्या घशात होणारा बारीक आवाज, 'ल' म्हणताना डाव्या दाढेला लागणारी जीभ, सगळं मला पाठ होतं. मग एक दिवस अभियांत्रिकीच्या इमारतीत खिस्ती सरांनी कळफलकावर वाक्य टाइप केलं, "आज लई ऊन हाय." आणि कोंडिबा बोलले. हे वाक्य त्यांच्याकडून मी घेतलेलं नव्हतं. सर टाळ्या वाजवत होते, मॅडमचे डोळे भरले होते. मी मात्र दाराकडे पाहिलं. ते आत आले असतील असं मला खरंच वाटलं होतं.

पण फार वेळ ऐकवत नसे. पाच मिनिटांत ऐकणाऱ्याचा जीव घाबरा व्हायचा, आणि का ते कोणालाच कळेना. शेवटी मॅडमनी नाट्यविभागातल्या एका प्राध्यापकांना बोलावलं. त्यांनी डोळे मिटून दहा मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "हा माणूस बुडतोय. श्वासच घेत नाहीये." खिस्ती सरांनी सगळे श्वास कचरा म्हणून काढून टाकायला सांगितले होते. मी ते वेगळे जपून ठेवले होते. मी काहीच टाकत नाही, ही माझी खोड. ते श्वास मी वाक्यांमध्ये एकेक करून परत बसवले. मग खोकं माणसासारखं बोलू लागलं आणि सगळ्यांनी माझी पाठ थोपटली.

कोंडिबांना ऐकायला बोलावलं होतं. त्यांनी हात जोडून, मान खाली घालून स्वतःचा आवाज ऐकला. संपल्यावर त्यांनी मला एकच विचारलं, "ह्यो कुठं ऱ्हातो?"

त्याच पावसाळ्यात ते गेले. ताप डोक्यात गेला. चौघांनी घोंगडीच्या झोळीतून खाली आणलं, पण रस्त्याला लागायच्या आतच संपलं. सलीमला ही बातमी बाजारात कळली आणि त्यानं मला फोन केला तेव्हा बारा दिवस झाले होते. या बारा दिवसांत मी रोज त्यांच्याकडून नवी नवी वाक्यं वदवून घेत होते. ते गेले त्या दिवसाची वही मी काढून पाहिली. त्या दिवशीचं शेवटचं वाक्य होतं, "आमी बरं हाय."

विभागात बैठक झाली. मॅडम म्हणाल्या, "घरच्यांना विचारायला हवं." खिस्ती सर म्हणाले, "कागदावर अंगठा आहे. आणि माणूस गेला म्हणून आपण त्याचा फोटो भिंतीवरून उतरवतो का?" ते मनापासून बोलत होते. ते वाईट माणूस नव्हते, आमच्यात कोणीच वाईट नव्हतं. मॅडम गप्प बसल्या. मला बोलता आलं असतं, ती वस्ती त्या खोलीत फक्त मला माहीत होती. मीही गप्प बसले.

दसरा झाल्यावर खोकं घेऊन मी विंझरच्या पुढच्या एका गावात गेले. ग्रामपंचायतीच्या खोलीत संगणक बसवला आणि छपरावर कर्णा. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता पहिला निरोप सोडला. "ऐका हो. उद्याच्याला जनावरांचं डाक्टर येनार हाईत. लस टोचायची हाय. जनावरं खाली घेऊन या."

समोरच्या हॉटेलात चहा ओतणाऱ्याचा हात तसाच राहिला आणि कप भरून बशीत, बशीतून टेबलावर चहा गेला. बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग डोंगराच्या बाजूनं घंटांचा आवाज आला. सात म्हशी उतरणीवरून आपण होऊन खाली येत होत्या. त्या रस्ता ओलांडून ग्रामपंचायतीच्या अंगणात आल्या, थांबल्या आणि त्यांनी माना वर केल्या. कर्ण्याकडे.

त्यांच्या मागून ठकूबाई धापा टाकत आल्या. मी त्यांना त्याआधी एकदाच पाहिलं होतं. त्यांनी कर्ण्याकडे पाहिलं आणि पदर डोक्यावरून पुढं ओढला.

"हे त्यांनी कवा बोलून ठिवलं?" त्यांनी मला विचारलं.

"ते बोलले नाहीत, ठकूबाई. त्यांच्या आवाजाचे तुकडे आहेत, ते यंत्र जोडतं."

"डाक्टर उद्याच येनार न्हवं?"

"उद्याच."

"मग गेल्या मानसाला उद्याचं कसं ठावं?"

मी जितकं सोपं करून सांगता येईल तितकं सांगितलं. त्या नीट ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हशींना शबूद कळत न्हाई, बाई. आवाज कळतो."

त्या दिवसापासून ठकूबाई रोज सकाळी खाली येऊ लागल्या. मी महिन्यातून आठवडाभर त्या गावी असायचे, एरवी ग्रामपंचायतीचा शिपाई निरोप लावायचा. ठकूबाई आल्या की कर्ण्याखालच्या पायरीवर बसायच्या. निरोप दोन मिनिटांचा असायचा. तो संपल्यावरही त्या तासन्‌तास तिथंच. वर शेण तसंच पडून राहायचं, धारा उशिरा निघायच्या. सून हौसा एकदा मला भेटली. म्हणाली, "आत्याबाई खात न्हाईत. इचारलं तर म्हनतात, मामंजींनी जेवायचं सांगितलं न्हाई." खरंच, जेवायचं कसं सांगणार? आम्ही हवामान आणि लस सांगत होतो. पण जे सांगत होतो ते त्या तंतोतंत पाळत होत्या. थंडी पडणार म्हटलं की गोठ्याला तरट लावायच्या, चारा भिजवू नका म्हटलं की झाकायच्या. त्यावर आमच्या अहवालात लिहिलं गेलं की ग्रामस्थांचा प्रतिसाद उत्तम आहे. ते वाक्य माझ्या हातचं आहे.

पुढच्या आषाढात ते घडलं. तीन दिवस वीज नव्हती आणि पाऊस उसंत देत नव्हता. मी पुण्यात होते. चौथ्या दिवशी दुपारी वीज आली तेव्हा ग्रामपंचायतीच्या खोलीला कुलूप होतं. संगणक आपोआप सुरू झाला आणि काय बिघडलं कोण जाणे, साठवलेले जुने निरोप पहिल्यापासून ओळीनं बोलत सुटला. बंद खोलीतून, भर पावसात, कोंडिबांचा आवाज गावभर फिरत होता. नऊ महिन्यांपूर्वीचा पहिला निरोपही त्यात होता. जनावरं खाली घेऊन या.

ठकूबाईंनी जनावरं सोडली. मधल्या ओढ्याला पाणी फुगलं होतं. हौसानं आडवं होऊन अडवलं, तर तिला बाजूला सारून म्हणाल्या, "मालक बोलावत्यात." म्हशी पोहून निघाल्या. एक पारडू वाहून गेलं. ठकूबाईही गेल्या असत्या, पण खालच्या अंगाला एका करंजाच्या मुळांना त्या अडकल्या आणि लोकांनी दोर टाकून काढलं. खोलीचं कुलूप फोडून कोणीतरी वीज तोडली तेव्हा कोंडिबा बाजारभाव सांगत होते.

दुसऱ्या दिवशी खिस्ती सर स्वतः आले. चिखलात उभे राहून त्यांनी ओढा पाहिला. मग मला म्हणाले, "बंद करा, मुलाणीबाई. पुन्हा सुरू करायचं नाही."

सामान आवरायला मी पंधरा दिवसांनी गेले. मला वाटत होतं, आवाज थांबला म्हणजे ठकूबाईंचं येणंही थांबलं असेल. त्या पायरीवर बसलेल्या होत्या. शिपायानं सांगितलं, आता दिवसभर बसतात. पूर्वी निरोप ऐकून कधीतरी उठायच्या तरी. आता आवाजच नाही, तर उठायचं कधी? पारडू गेलं म्हणून मालक रागावलेत आणि बोलत नाहीत, असं त्या म्हणतात.

मी आत जाऊन तारा गुंडाळत होते. ठकूबाई दारात आल्या. हाडं वर आली होती.

"बाई, एक काम हाय."

"बसा ना."

त्या बसल्या नाहीत. "मला ठावं हाय, ते त्यात न्हाईत. तुमी सांगितलं व्हतं, म्या इसरली न्हाई. पर पाय ऐकत न्हाईत. सकाळ झाली की हिकडंच येत्यात. सुनंनं सांगून बघितलं, म्याच मला सांगून बघितलं." मग म्हणाल्या, "त्यांनी सांगितलं तर ऐकतील."

"काय सांगायचं त्यांनी?"

"खाली येऊ नगं म्हना."

खिस्ती सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पुन्हा सुरू करायचं नाही. लस आणि हवामान निदान खरं तरी होतं. हे तर गेलेल्या माणसाच्या तोंडी सरळ माझे शब्द घालणं होतं. या कामाचं शिक्षण मला कोणी दिलं नव्हतं. मी पाच मिनिटं तारा हातात घेऊन उभी होते. मग त्या जागच्या जागी बसवल्या आणि वीज लावली.

"तुम्हाला हाक कशी मारायचे?" मी विचारलं.

"नाव न्हाई घेत. अगं म्हनायचे."

'अगं' आमच्याकडे नव्हतं. कापसाच्या त्या गोदामात त्यांनी कोणालाच 'अगं' म्हटलं नव्हतं. दोन वेगळ्या वाक्यांतले तुकडे घेऊन मी ते बनवलं. सांधा कच्चा राहिला, म्हणून परत कापलं. अर्धा तास लागला. त्या माझ्या शेजारी उभ्या राहून सगळं बघत होत्या. लहरी, रेघा, माझी बोटं, सगळं. लपवण्यासारखं मी काही ठेवलं नाही. छपरावरच्या कर्ण्याची तार काढून ठेवली आणि टेबलावरच्या लहान स्पीकरवर वाक्य लावलं.

"अगं, आता खाली येऊ नगं. घरी जा."

मी हजारो वाक्यं जोडली. इतकं सरळ, इतकं सहज एकही उतरलं नव्हतं. ऐकताना माझ्या हातावर काटा आला आणि मी तो दुसऱ्या हातानं झाकला.

ठकूबाईंनी पदर पुढं ओढला. "बरं," त्या म्हणाल्या. माझ्याशी नव्हे. मग वळल्या, पायरीवरची घोंगडी उचलली आणि डोंगराची वाट धरली. एकदाही मागं पाहिलं नाही. त्या खाली पुन्हा आल्या नाहीत, हे मला शिपायाकडून पुढं कळलं.

ते वाक्य मी वहीत लिहिलं नाही. विभागात कोणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितेय. योजना गुंडाळली गेली, खोकं भांडारात गेलं. मी मॅडमना सांगून ग्रंथालयात बदली मागून घेतली. त्यांनी कारण विचारलं तेव्हा मी कान दुखतात म्हणाले.

पाच-सहा वर्षांनी हौसाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका सलीमच्या कारखान्यात आली, त्यावर माझंही नाव होतं. आम्ही गेलो. मांडवात बायकांच्या घोळक्यात ठकूबाई बसल्या होत्या. अंगानं भरल्या होत्या, हातात हिरव्या दांडीचा पंखा होता. माझ्यासाठी त्यांनी शेजारी जागा केली. पारड्याबद्दल, कर्ण्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. म्हशी आता अकरा झाल्यात म्हणाल्या.

बोलता बोलता कोण्या पाहुणीनं कोंडिबांचा विषय काढला. ठकूबाईंनी सगळ्यांना सांगितलं, "मालक गेल्यावर म्या रोज खाली जायाची. खाया-पियाची सुद न्हवती. मग एक दिस त्यांनीच सांगितलं, अगं, येऊ नगं, घरी जा. तवापासनं न्हाई गेली."

एक नवी सून पदराआड हसली. "सपनात आलं आसतील, आजी."

ठकूबाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. पंखा हलवत म्हणाल्या, "सपान कुठलं? भर दुपार व्हती. ह्या मुलानीबाईंना इचार. त्या व्हत्या तितं."

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. ठकूबाईही वळल्या. त्यांच्या डोळ्यांत विनवणी नव्हती, की खूणही नव्हती. साक्षीदाराकडे बघावं तशा त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि ती सून उत्तराची वाट बघत होती.

"हो," मी म्हणाले. "मी होते तिथं. मी ऐकलं."